१९३० ची फोर्ड, १९४९ चा हॉट रॉड (बदल: १९५१ चा, कारण प्रतिसादात आहे)

दहाअकराचा_पाना (धागाकर्ता)

गेली अडीच वर्षं माझी होंडा उन्हात उभी आहे, कारण गॅरेजमध्ये १९३० सालची फोर्ड मॉडेल ए कूपे (दोन दारांची, बंद छपराची गाडी) पसरलेली आहे. 'पसरलेली' हाच शब्द बरोबर. दारं भिंतीला टेकवलेली, चासी मधोमध, इंजिन स्टँडवर आणि ब्रेकचे ड्रम लोणच्याच्या बरण्यांशेजारी. मी मूळचा मिरजेचा, आता दक्षिण कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडजवळ राहतो.

गाडी मिळाली तेव्हा तिला इंजिन नव्हतं, गिअरबॉक्स नव्हता, सीट उंदरांनी संपवलेली. पत्रा मात्र गुडघ्याच्या वर ठणठणीत. इथलं वाळवंट लोखंडाला जपतं. कोकणात ती केव्हाच मातीला मिळाली असती. मित्रांनी दोन सल्ले दिले. एक, कारखान्यातून निघाली तशी रिस्टोअर कर. दुसरा, आजचं इंजिन टाक, एसी टाक आणि मजेत फिर. मी तिसरंच करतोय: पारंपरिक हॉट रॉड. हे दोन शब्द एकत्र ऐकून भाऊ फोनवर म्हणाला, "पारंपरिक म्हणजे काय, गाडीला नऊवारी नेसवणार का?"

थोडक्यात सांगतो. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आसपासची पोरं जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड, टप, बॉनेट, जे जे निघेल ते काढून टाकायची आणि मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. म्यूरॉक, हार्पर, एल मिराज. तळं म्हणजे उन्हाने भाजलेली सपाट माती, नजर पोचेल तिथपर्यंत. कोण किती वेगाने गेला यावरून भांडणं व्हायची, म्हणून १९३७ मध्ये क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. मग युद्ध आलं. म्यूरॉक लष्कराकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. युद्धावरून परतलेल्या पोरांच्या हातात इंजिनं खोलायची विद्या होती, खिशात थोडे पैसे होते आणि भंगारात फोर्डचे ढीग होते. १९४९ मध्ये यूटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिला स्पीड वीक झाला.

पारंपरिक हॉट रॉड म्हणजे त्या पोरांनी त्या काळात, त्यांना मिळणाऱ्या सामानातून बांधली असती तशी गाडी. इथे बहुतेक जण चुकतात असं माझं मत आहे. लोक आधी भाग गोळा करतात आणि मग त्याला 'जुना लूक' म्हणतात. १९३० ची बॉडी, १९७० चं इंजिन, वर मुद्दाम गंजवलेला पत्रा आणि डॅशबोर्डवर कवटी. ती गाडी कुठल्याच सालची नसते. आधी साल ठरवायचं, मग ते साल सांगेल तो नट आणि तो बोल्ट. मी १९४९ ठरवलंय. त्यानंतर बाजारात आलेली वस्तू गाडीवर दिसणार नाही.

आतापर्यंतची यादी: फोर्डचं ५९ए फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन (आठ सिलिंडर, व्ही च्या आकारात; १९४६ ते ४८ च्या गाड्यांत यायचं ते, २३९ क्युबिक इंच, १०० हॉर्सपॉवर). मूळ मॉडेल ए चं चार सिलिंडरचं इंजिन ४० हॉर्सपॉवरचं होतं, म्हणजे अडीचपट. १९३९ चा गिअरबॉक्स. १९४० चे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचे) ब्रेक. खाली घेतलेला पुढचा एक्सल. दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर. १९४८ च्या फोर्ड एफ-१ पिकअपचा स्टिअरिंग बॉक्स. पुढे १९३२ च्या फोर्डची जाळी, कारण सगळे तीच लावायचे आणि ती सुंदर आहे.

प्रश्न विचारा, शिव्या घाला. फोटो रविवारी.

---

रश्मी_प

गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, तरी पूर्ण वाचलं. बाळबोध प्रश्न: सगळीकडे फोर्डच का? बाकीच्या कंपन्यांच्या गाड्या भंगारात नव्हत्या का?

---

दहाअकराचा_पाना

बाळबोध नाही, हाच मुळातला प्रश्न आहे.

पहिलं कारण, फोर्ड अफाट विकल्या गेल्या होत्या. मॉडेल टी दीड कोटी, मॉडेल ए (१९२८ ते ३१) जवळपास ४८ लाख. त्यामुळे पोराच्या खिशाला परवडेल अशी जुनी गाडी म्हणजे फोर्डच. दुसरं, १९३२ मध्ये हेन्री फोर्डने व्ही-८ इंजिन अगदी साध्या गाडीत बसवलं. २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि रोडस्टरची (उघड्या दोनसीटी गाडीची) किंमत ५०० डॉलरच्या आत. तोवर आठ सिलिंडर हा श्रीमंतांचा मामला होता.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. हेन्री फोर्ड महाहट्टी. पुढे-मागे एकेकच आडवा पाटा (लीफ स्प्रिंग), तो त्याने टी पासून १९४८ पर्यंत सोडला नाही. बाकीचं जग पुढे गेलं, याच्या गाडीखालचा सांगाडा तोच. याचा फायदा असा की १९४० चे ब्रेक थोड्या खटपटीने १९३० च्या एक्सलवर चढतात. मॉडेल ए चे ब्रेक दांड्यांचे होते. हायड्रॉलिक ब्रेक द्यायला फोर्डने १९३९ उजाडवलं. १९३९ च्या गिअरबॉक्सची गंमत अशी की पुढच्याच वर्षी कारचा गिअरचा दांडा स्टिअरिंगवर गेला. म्हणजे जमिनीतून दांडा येणारा शेवटचा कारचा गिअरबॉक्स तो, म्हणून त्याला अजून भाव.

आजीच्या लुगड्याची आईने गोधडी शिवावी आणि मुलीने तिचं जाकीट करावं, तसं हे घर. कापड एकाच विणीचं.

---

मूळचंद

माफ करा, पण मला हे बघवत नाही. नव्वदी ओलांडलेली गाडी. फोर्डने १९२६ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रासला बस्तान बसवलं, त्यानंतर याच मॉडेल ए कॅनडाहून उजव्या स्टिअरिंगच्या होऊन इकडे यायच्या. आज इथे त्यातल्या किती उरल्यात? माझ्या मामांकडे एक आहे, १९२९ ची. तिचा एक मूळ स्क्रू मिळावा म्हणून आम्ही सहा-सहा महिने पत्रव्यवहार करतो. आणि तुम्ही लोक मडगार्ड काढून फेकता, छप्पर कापता. याला छंद म्हणत नाहीत.

---

पॉपकॉर्न_पाटील

बसलो आहे. चालू द्या.

---

दहाअकराचा_पाना

मूळचंदराव, राग समजतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, ही गाडी पूर्ण असती तर मीही हात लावला नसता. इंजिन-गिअरबॉक्स असलेली, चालती मॉडेल ए कापणाऱ्यांविषयी माझं मत तुमच्याइतकंच वाईट आहे. ही नुसती बॉडी आणि चासी होती. मडगार्ड फेकलेले नाहीत, चारही गुंडाळून माळ्यावर आहेत.

दोन, छप्पर कापणार नाही. अनभिज्ञांसाठी: छताचे खांब मधून तीन-चार इंच कापून छप्पर खाली बसवतात, त्याला चॉप म्हणतात. गाडी एकदम गुंड दिसते. मॉडेल ए मध्ये ते त्यातल्या त्यात सोपं, कारण खांब जवळपास उभे असतात. कापून खाली आणले तरी वरचं तोंड खालच्यावर बसतं. पुढच्या गाड्यांत खांब तिरके होत गेले, तिथे एक कापलं की दुसरं जुळत नाही. काचाही सपाट, कुणीही कापून देईल. मोह झाला होता. पण मी आत बसून टोपी घातली आणि टेप लावली. विषय संपला.

---

उद्यमनगरचा_लेथ

कोल्हापुरातनं लिहितोय. वडलांचं बोअरिंगचं वर्कशॉप होतं, आता मी बघतो. मला गाडीच्या रूपाशी देणंघेणं नाही, इंजिनाचं सांगा. ब्लॉक कसा निघाला? बोअर किती वाढवला? आणि पुढचा एक्सल खाली घेतला म्हणजे नक्की काय केलं, पाटा काढला का?

---

दहाअकराचा_पाना

वा, आता मजा. पहिला ब्लॉक (इंजिनाचा ओतीव सांगाडा) एका म्हाताऱ्याने "चालू होता" म्हणून विकला. असेल, त्याच्या तरुणपणी. मशीन शॉपमध्ये चुंबक लावून वर लोखंडाची भुकटी टाकली, तर वॉल्वच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत भुकटीने सुबक रेघ धरली. तडा. तिथे तडा जाणं हे फ्लॅटहेडचं जुनं दुखणं आहे. तो ब्लॉक आता अंगणात आहे, बायकोने त्यात पुदिना लावलाय. आठ कुंड्या.

दुसरा ब्लॉक चांगला निघाला. बोअर (सिलिंडरचा व्यास) मूळ ३ ३/१६ इंच, तो १/८ ने वाढवून ३ ५/१६ केला. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) मर्क्युरीचा, म्हणजे फोर्ड कंपनीच्याच दुसऱ्या गाडीचा, १९४९ चा. मर्क्युरीचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४ इंच, फोर्डचा पावणेचार. दोन्ही मिळून २७६ क्युबिक इंच, म्हणजे साडेचार लिटर. त्या काळच्या पोरांचं हे अगदी आवडतं गणित.

एक्सल: पाटा काढत नाहीत. पुढचा एक्सल आय-बीमचा, सरळ घडीव लोखंड. त्याची दोन्ही टोकं तापवून ताणतात आणि वर उचलतात. चाक टोकाला, त्यामुळे मधला भाग आणि पर्यायाने गाडी तेवढी खाली येते. माझा ३ इंच आहे.

---

उद्यमनगरचा_लेथ

म्हणजे लोहाराचं काम. चांगलंय, पण तापवल्यावर सावकाश गार केला ना? पाणी मारलं तर ठिसूळ होईल आन् एक दिवस खड्ड्यात दोन तुकडे.

दुसरं. तुमचा नियम तुम्हीच लिहिलाय, १९४९. मर्क्युरी १९४९ ची. एफ-१ पिकअप १९४८ ची. आता मला सांगा, नवी कोरी गाडी १९४९ मध्ये भंगारात कशी आली? त्या पोराला क्रँक कुणी दिला?

---

दहाअकराचा_पाना

पकडलंत. अडीच वर्षांत इथल्या एकाही पंडिताने हे विचारलं नाही.

अपघात झाला असेल, मर्क्युरी झाडावर आदळली असेल, असं म्हणून बघितलं. पण क्रँक आणि स्टिअरिंग दोन्हींसाठी वेगवेगळे अपघात मानावे लागतात. म्हणून साल १९५१ केलं आहे. धाग्याचं शीर्षक बदललं.

(एक्सल राखेत पुरून गार केलेला आहे. करणारा माणूस सत्तरीचा आहे आणि मला हात लावू देत नाही.)

---

सातारी_तात्या

फ्लॅटहेड म्हटलं आणि आजोबा आठवले. युद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघालेला लष्करी फोर्ड ट्रक त्यांनी घेतला होता, तोच व्ही-८. त्यावर गूळ वाहायचे. आजोबांची गोष्ट ठरलेली: खंबाटकी चढताना दोनदा थांबायचं, क्लीनरने दगड लावायचा, झऱ्यावरून डबा भरून आणायचा आणि रेडिएटरचं झाकण ओल्या पोत्याने उघडायचं. उकळायचा म्हणजे उकळायचाच. ते म्हणायचे, हे इंजिन पेट्रोलपेक्षा पाणी जास्त पितं. तुमचं उकळत नाही का?

---

दहाअकराचा_पाना

तात्या, क्या बात है. आजोबांचा काही दोष नव्हता, इंजिनाची रचनाच तशी.

साध्या इंजिनात वॉल्व वर हेडमध्ये असतात. यात दोन्ही वॉल्व ब्लॉकमध्ये, व्ही च्या पोटात. म्हणून हेड सपाट झाकणासारखं, म्हणून नाव फ्लॅटहेड. आता जळालेला धूर बाहेर काढायचा तर पोटातून निघून अख्खा ब्लॉक पार करून बाहेरच्या अंगाला यावं लागतं. म्हणजे धगधगता धूर पाण्याच्या जॅकेटमधूनच जातो आणि पाणी तापवतो. त्यात काटकसर अशी की प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच वाट. सिलिंडर आठ, धुराची तोंडं सहा. ओव्हरहेड वॉल्वच्या इंजिनांपुढे ते मागे पडलं यात नवल नाही. पण आवाज! मधल्या जोडवाटेमुळे जो आवाज येतो तो दुसऱ्या कुठल्या व्ही-८ ला नाही.

उकळण्यावर उपाय: आधी ब्लॉक साफ करणे. पाण्याच्या वाटांत गंज आणि ओतकामातली उरलेली वाळू बसलेली असते. माझ्या ब्लॉकमधून तारेने खरवडून अर्धी बादली निघाली.

---

उद्यमनगरचा_लेथ

कोअरची वाळू. आमच्याकडे फौंड्रीत अजून तेच रडगाणं आहे, फेटलिंगवाला (ओतकाम साफ करणारा) कंटाळला की कोपऱ्यात राहते. फोर्डच्या कारखान्यात पण पोरं कंटाळत होती हे ऐकून बरं वाटलं.

---

मिशिगन_मामा

हे सगळं हौस म्हणून ठीक आहे. पण १९५५ चं शेव्हर्लेचं २६५ क्युबिक इंचाचं छोटं व्ही-८ टाकलं असतं तर अर्ध्या खर्चात १६२ हॉर्सपॉवर मिळाली असती, उकळणं नाही, तडे नाहीत. ते इंजिन आलं आणि हॉट रॉडवाल्यांनी फ्लॅटहेड सोडून दिलं हा इतिहास आहे. तोही आता पारंपरिकच म्हणायचा.

शिवाय कागदपत्रांचं काय? इंजिन बदललं की जुन्या फोर्डचं टायटल (मालकीचा कागद) लटकतं असा माझा अनुभव.

---

दहाअकराचा_पाना

मामा, शेव्हर्लेबद्दल शंभर टक्के खरं. तुमचा १९५५ चा हॉट रॉड असता तर तेच घाला म्हणालो असतो. माझा १९५१ चा आहे. त्या पोराला चार वर्षं थांबा कसं सांगू?

टायटलबाबत ज्यांना पुढे काही करायचंय त्यांनी नीट वाचा. मॉडेल ए चा नंबर इंजिनवर ठोकलेला असायचा आणि तोच चासीच्या डाव्या रेलवर (लांब तुळईवर), बॉडीखाली झाकलेला. पुढे इंजिनं बदलली गेली आणि कागदावर मात्र इंजिनाचाच नंबर राहिला. म्हणून घेण्याआधी बॉडी उचलून रेलवरचा नंबर कागदाशी ताडून बघा. बरेच जण १९३२ च्या धर्तीच्या नव्या रेल घेतात, दिसायला देखण्या असतात, पण नंबर गेला की झंझट. मी मूळ चासी ठेवली. ती उघड्या पन्हाळीसारखी असते, व्ही-८ च्या जोराने पिळवटते. म्हणून आतून पट्ट्या वेल्ड करून पेटीसारखी बंद केली. नंबराची जागा सोडून.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि आधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉगची तपासणी नाही. हे राज्य प्लास्टिकच्या स्ट्रॉवरून डोळे वटारतं आणि हिला सोडतं.

---

कलम_बावन्न

भारतातून कुणाला स्फुरण चढत असेल तर थंड पाणी ओततो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्का मारला. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट हीच की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आणि रोज भाजी आणायला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. म्हणजे पानासाहेबांची गाडी इथे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

---

मूळचंद

कायदा पहिल्यांदाच माझ्या बाजूने आहे. नोंद घ्यावी.

---

रश्मी_प

ब्रेक १९४० चे म्हणालात. यात कुणी बसणार आहे का तुमच्याशिवाय? घरच्यांचं काय मत?

---

दहाअकराचा_पाना

घरच्यांचं मत दोन ठिकाणी दिसतं. सीटबेल्ट बसवलेत, कमरेचे. १९५१ च्या गाडीत पट्टे नव्हते, पण माझ्या घरात २०२० च्या दशकातली बायको आहे. आणि जुन्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. तिथे दुहेरी लावलाय. पायाखाली, फळीच्या आत, कुणाला दिसत नाही. नियम "दिसणार नाही" असाच लिहिला होता, पहिली पोस्ट तपासा.

---

उद्यमनगरचा_लेथ

वकील व्हायला पाहिजे होतात.

---

दहाअकराचा_पाना

*पाच आठवड्यांनी.*

काल चालू झाली.

सकाळी सहा व्होल्टची बॅटरी लावली (पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे सगळं उलटं, मी दोनदा तपासलं आणि शेजाऱ्याने तिसऱ्यांदा). स्टार्टर सहा व्होल्टवर इतका निवांत फिरतो की वाटतं विचार करतोय. चौथ्या झटक्याला धरलं. सायलेन्सर अजून लावलेला नाही. गल्लीतली तीन कुत्री आणि एक बाळ जागं झालं. वीस मिनिटं चालवली, काटा १८० फॅरनहाइटवर (८२ सेल्सियस) जाऊन थांबला. तात्या, आजोबांना सांगायला हवं होतं.

मग लाल प्रायमरमध्येच, बॉनेटशिवाय, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. पहिला गिअर किरकिरतो, त्याला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी सोय) नाहीच, तो असाच राहणार. स्टिअरिंग थोडं डावीकडे ओढतं. ब्रेक उजवीकडे ओढतात. दोन्ही एकदम केलं की सरळ जाते.

---

सातारी_तात्या

डोळ्यांत पाणी आलं राव. रेडिएटरला पुरेल इतकं.

---

पॉपकॉर्न_पाटील

व्हिडिओ नाही तर काही झालंच नाही.

---

मूळचंद

अभिनंदन. मनापासून.

एक विचारायचं होतं. मडगार्ड काढले म्हणजे हेडलॅम्प धरणारी आडवी दांडीही निघाली असणार. आता दिवे वेगळ्या ब्रॅकेटवर घेतलेत ना? ती दांडी माळ्यावर असेल तर काय घ्याल? मामांच्या गाडीची कधीतरी बैलगाडीवर आदळून गेली, तेव्हापासून पाइप वेल्ड करून चालवलंय.

---

दहाअकराचा_पाना

आहे. पैसे नकोत, डिसेंबरात येतोय तेव्हा सामानात टाकतो. पण तुमची १९२९ ची, माझी १९३० ची. त्या वर्षी मडगार्ड बदलले, त्यामुळे दांडीचं माप जुळेल याची खात्री नाही. शिवाय मधोमध वाकलेली आहे.

---

उद्यमनगरचा_लेथ

माझ्याकडे पाठवा. दोन्हीचं माप घेऊन या, फोटो नको.